खान्देशच्या हवेत घरचे सँडविच रोल कडक होतात, ते कोणत्या चुकांमुळे

घरी केलेला सँडविच रोल कडक झाला की पहिला दोष यीस्टला दिला जातो आणि दुसरा मैद्याला. यीस्ट खरोखरच मेलेले असेल तर पीठ फुगतच नाही आणि चूक तिथेच उघडी पडते. पीठ छान फुगले, रोल भाजून रंगही चांगला आला, पण संध्याकाळपर्यंत त्याचा चुरा होऊ लागला किंवा तो चिवट झाला, अशी तक्रार जास्त असते, आणि तिचे मूळ बहुतेक वेळा पाण्यात असते. पीठ भिजवताना पाणी कमी पडते, मळताना भुरभुरवलेला मैदा ते शोषून घेतो, फुगवताना उंड्यांचा वरचा थर वाळतो, मंद आचेवर रोल रेंगाळले की ते उडून जाते, आणि उरलेसुरले बाहेरची कोरडी हवा ओढून घेते. मे महिन्यात पारा 44-45 अंशांवर जाणाऱ्या जळगाव-भुसावळ पट्ट्यात आणि हिवाळ्यात एक अंकी तापमान पाहणाऱ्या धुळ्यात या चुका अधिक महाग पडतात, कारण बहुतेक पाककृतींमधील वेळा 24-25 अंशांचे स्वयंपाकघर गृहीत धरून लिहिलेल्या असतात.

पुढील चर्चेसाठी एक प्रमाण समोर ठेवू : मैदा 500 ग्रॅम, दूध आणि पाणी निम्मे-निम्मे मिळून 320 ग्रॅम, साखर 35 ग्रॅम, मीठ 9 ग्रॅम, लोणी 35 ग्रॅम आणि इन्स्टंट यीस्ट 5 ग्रॅम. यात साधारण 55 ग्रॅमचे 16 रोल होतात.

वाटीने मोजणे

एकच वाटी हलक्या हाताने भरली तर तिच्यात जेवढा मैदा मावतो, त्याच्या कितीतरी जास्त मैदा ती डब्यात दाबून भरल्यावर मावतो. 250 मिलिलीटरच्या कपात हा फरक 25-30 ग्रॅमपर्यंत सहज जातो. चार कपांत तो 100 ग्रॅमचा होतो आणि पाककृतीतील पाणी तेवढेच राहते. पोळीची कणीक अंदाजाने भिजवणाऱ्या हाताला वजनकाटा घ्यायला सांगणे काहींना अपमानास्पद वाटते, पण पोळीचे पीठ सैल झाले तर ते तेव्हाच सावरता येते आणि रोलचे तसे नाही. साधा स्वयंपाकघरातील काटा पुरेसा आहे. यीस्ट आणि मीठ मात्र चमच्याने मोजले तरी चालते. इन्स्टंट यीस्टचा एक सपाट चहाचा चमचा सुमारे 3 ग्रॅम भरतो.

पीठ चिकटते म्हणून वरून मैदा घालणे

माझ्या मते सर्वांत नुकसान करणारी चूक हीच आहे. वरील प्रमाणात मैद्याच्या 64 टक्के द्रव पडतो. मळताना पीठ हाताला लागते म्हणून मूठभर, पुन्हा मूठभर असा 50 ग्रॅम मैदा घातला गेला तर तेच प्रमाण 58 टक्क्यांवर येते, आणि मऊ रोल व कडक पाव यांच्यातील अंतर जवळजवळ तेवढेच असते. सुरुवातीची दहा मिनिटे पीठ चिकटणारच. ते बिघडल्याचे लक्षण नव्हे. पीठ एकत्र करून झाकून वीस मिनिटे ठेवले की मैदा पाणी पिऊन घेतो, ग्लूटेनची, म्हणजे गव्हातील लवचिक प्रथिनांची, जाळी आपोआप बांधली जाऊ लागते आणि अर्धी मेहनत वाचते. नंतर हाताला मैद्याऐवजी थेंबभर तेल किंवा पाणी लावून, पीठ परातीत पुढे लोटत आणि घडी घालत दहा-बारा मिनिटे तिंबावे. लोणी या टप्प्यावर, म्हणजे पीठ एकजीव झाल्यावर घालावे. सुरुवातीलाच घातलेली चरबी मैद्याच्या कणांवर बसून ग्लूटेन जुळण्यात अडथळा आणते. लोणी घातल्यावर पीठ क्षणभर फाटल्यासारखे होते, तेही घाबरण्यासारखे नाही.

पीठ पुरेसे तिंबले गेले हे ओळखण्याची रीत खान्देशात नव्याने शिकवण्याची गरज नाही. खापरावरच्या मांड्यासाठी वस्त्रगाळ केलेल्या गव्हाच्या पिठाची सैल कणीक तिंबून, पुरण भरलेला उंडा दोन्ही हातांवर झेलत जेव्हा कोपरापर्यंत ताणला जातो आणि तरीही फाटत नाही, तेव्हा तिथे जे काम करते तेच ग्लूटेन रोलमध्ये काम करते. रोलच्या पिठाचा लिंबाएवढा तुकडा घेऊन बोटांनी हळूहळू ताणावा. पापुद्रा इतका पातळ झाला पाहिजे की त्यातून खिडकीचा उजेड दिसेल. कडा खरबरीत फाटत असेल तर आणखी तिंबायचे आहे.

याच भागातली दुसरी सवय मात्र उलट जाते. दादरच्या (रब्बी ज्वारीच्या) किंवा कळण्याच्या (ज्वारी-उडदाच्या) भाकरीसाठी उकळते पाणी घालून पीठ मळणे योग्य असते, कारण ज्वारीत ग्लूटेन नसते आणि गरम पाण्याने पिठाला चिकटपणा येतो. तोच हात रोलच्या पिठात गरम पाणी ओततो तेव्हा 55-60 अंशांच्या आसपास यीस्ट मरते.

पाण्याचे तापमान न पाहणे

मळून झालेले पीठ 25-26 अंशांवर असावे. त्यासाठी बेकरीत वापरले जाणारे एक सोपे गणित आहे : हव्या असलेल्या तापमानाची तिप्पट करावी आणि त्यातून खोलीचे व मैद्याचे तापमान वजा करावे, उरते ते पाण्याचे तापमान. मळताना घर्षणाने येणारी उष्णता हाताच्या कामात दोन-तीन अंशांची असते, तीही वजा करावी. 26 ची तिप्पट 78. मे महिन्यात खोली 38 आणि डब्यातील मैदा 36 अंशांवर असेल तर उत्तर जेमतेम 1 किंवा 2 येते, म्हणजे बर्फाचे पाणी. याउलट डिसेंबरच्या सकाळी दोन्ही 16 अंशांवर असतील तर पाणी 43-44 अंशांचे लागते. यावरून लक्षात येईल की उन्हाळ्यात दुपारी गच्चीवरच्या टाकीचे पाणी नळातून थेट परातीत घेणे म्हणजे पीठ तापवूनच सुरुवात करणे होय. फ्रिजमधील दूध आणि बर्फाचे तुकडे टाकलेले पाणी वापरावे, मैद्याचा डबाही आदल्या रात्री फ्रिजमध्ये ठेवता आला तर उत्तम.

दूध मात्र आधी उकळून मग गार केलेले असावे. न तापवलेल्या दुधातील काही प्रथिने ग्लूटेन ढिले करतात. घरी दूध उकळण्याची रीत असल्यामुळे ही अडचण आपल्याकडे फारशी येत नाही.

यीस्ट न तपासणे, आणि जास्त घालणे

किराणा दुकानाच्या फळीवर दोन उन्हाळे काढलेले पाकीट फुकट जाते. अर्धी वाटी कोमट पाण्यात चमचाभर साखर आणि चमचाभर यीस्ट घालून दहा मिनिटांत वर फेसाचा जाड थर आला नाही तर ते टाकून द्यावे. फोडलेले पाकीट घट्ट बंद करून फ्रीजरमध्ये ठेवावे, काम संपल्यावर लगेच परत ठेवावे.

पण 38 अंशांच्या खोलीत 5 ग्रॅम यीस्ट घालणे हीदेखील चूकच. तिथे 3 ग्रॅम पुरते. जास्त यीस्टने पीठ तासाच्या आत दुपटीपुढे जाते, साखर संपते, आंबट-दारूसारखा वास येतो, आणि भाजल्यावर रोल फिकट, भुसभुशीत व लवकर सुकणारे होतात.

घड्याळावर विश्वास ठेवणे

पाककृतीत “एक तास फुगू द्या” असे लिहिलेले असते. मे महिन्यात तेच पीठ चाळीस मिनिटांत दुप्पट होते आणि धुळ्याच्या जानेवारीत दोन तासांतही होत नाही. म्हणून पीठ सरळ कडांच्या स्टीलच्या डब्यात ठेवून सुरुवातीच्या पातळीला बाहेरून खूण करावी आणि दुपटीची खूण गाठली की वेळ कितीही झाली असली तरी पुढे जावे. हिवाळ्यात बंद, न पेटवलेल्या ओव्हनमध्ये गरम पाण्याच्या पातेल्याशेजारी डबा ठेवावा. उन्हात ठेवू नये. एका बाजूने पीठ शिजल्यासारखे होते आणि वरून साल धरते.

रोल वळल्यानंतरची दुसरी फुगवण अधिक नाजूक असते. उंड्याला बोटाने हलके दाबावे : खळगा तत्काळ भरून आला तर अजून वेळ हवा, हळूहळू निम्मा भरून आला तर ओव्हन तयार असला पाहिजे, आणि खळगा तसाच राहून उंडा बसू लागला तर उशीर झाला आहे. कमी फुगलेला रोल ओव्हनमध्ये बाजूने फाटतो आणि त्याच्या बुडाशी घट्ट पट्टा दिसतो. जास्त फुगलेल्याचा माथा बाहेर काढताच सुरकुततो. ही दोन लक्षणे एकमेकांच्या उलट आहेत, म्हणून रोल बिघडले की “पुढच्या वेळी जास्त फुगवू” असे सरसकट ठरवण्याआधी एक रोल मधोमध कापून पाहावा.

उन्हाळ्यात मला सर्वांत भरवशाचा वाटणारा मार्ग असा आहे की संध्याकाळी 2 ग्रॅम यीस्ट घालून पीठ मळावे, अर्धा तास बाहेर ठेवून रात्रभर फ्रिजमध्ये फुगू द्यावे आणि ऊन चढण्यापूर्वी वळून भाजावे. चवही सुधारते.

उंडे उघडे ठेवणे

खान्देशच्या कोरड्या वाऱ्यात पंख्याखाली ठेवलेल्या उंड्यांवर दहा मिनिटांत चामड्यासारखी साल येते. ती साल ताणली जात नाही, त्यामुळे रोल वर न उठता फाटतो. ओले करून घट्ट पिळलेले सुती कापड, तेही दर थोड्या वेळाने पुन्हा ओले करून, झाकावे. पंखा बंद ठेवणे ही शिक्षा आहे, पण ती भोगावी. वळताना उंड्याच्या कडा खाली ओढून बुडाशी चिमटाव्यात, म्हणजे वरचा पृष्ठभाग तणावाखाली राहतो. ट्रेमध्ये दोन रोलमध्ये बोटभर अंतर सोडावे. फुगल्यावर ते एकमेकांना टेकतात आणि टेकलेल्या बाजूंना कडक कड येत नाही.

ओव्हनच्या आकड्यावर विसंबणे

गावाकडे संध्याकाळी विजेचा दाब उतरतो, हे पंख्याच्या गतीवरून कळते, पण ओटीजीच्या, म्हणजे विजेवरच्या छोट्या ओव्हनच्या, बटणावर 190 अंश लिहिलेलेच राहते. कॉइलची उष्णता दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. 230 व्होल्टऐवजी 190 व्होल्ट मिळाले तर ओव्हनची ताकद सुमारे दोनतृतीयांशच उरते. मग रंग येत नाही म्हणून रोल वीसऐवजी पस्तीस मिनिटे आत राहतात आणि तेवढ्या वेळात त्यांतील ओलावा निघून जातो. आत टांगायचा साधा ओव्हन थर्मामीटर हा या भागात चैनीचा विषय नाही. आतले तापमान खरोखर 185-190 झाल्यावरच, म्हणजे बहुधा पंधरा-वीस मिनिटे आधी तापवून, ट्रे मधल्या फळीवर ठेवावा आणि 18 ते 20 मिनिटांत काढावा. रोलच्या मध्यभागी 90 अंश झाले की तो शिजला. त्यापुढचा प्रत्येक मिनिट केवळ सुकवण्याचा. शक्य असेल तर पहाटे किंवा सकाळी, दाब चांगला असताना भाजावे. ओव्हन नसेल तर मिठाचा थर दिलेल्या जाड कढईत स्टँडवर डबा ठेवूनही रोल होतात. फक्त आच मोठी ठेवली की बूड जळते आणि माथा पांढरा राहतो.

कणकेचा आणि बेकरीच्या पावाचा आग्रह

लोकवन गव्हाचे चक्कीवर दळलेले पीठ मैद्याच्या जागी तेवढ्याच मापाने घालून मऊ रोलची अपेक्षा करणे योग्य नाही. कोंड्याचे कण ग्लूटेनचे धागे कापतात आणि चक्कीचे पीठ पाणी जास्त पिते. तीस टक्क्यांपर्यंत कणीक, त्यासोबत दोन-तीन मोठे चमचे जास्त पाणी आणि अर्धा तास मुरवण, इथपर्यंत फरक फारसा जाणवत नाही. बेकरीच्या पावाशी तुलनाही सोडून द्यावी, कारण तिथे बऱ्याचदा इम्प्रूव्हर, म्हणजे पीठ सुधारणारी तयार भुकटी, घातलेला असतो. (त्यांपैकी पोटॅशियम ब्रोमेटवर भारतात 2016 मध्ये बंदी आली.) घरी त्याऐवजी उकड वापरता येते. एकूण मैद्यातला 25 ग्रॅम मैदा 125 ग्रॅम पाण्यात गुठळी न होता कालवून, मंद आचेवर खिरीसारखा घट्ट होईपर्यंत ढवळावा, पूर्ण गार करून पिठात घालावा, आणि तेवढे पाणी मूळ प्रमाणातून वजा करावे. शिजलेला स्टार्च बरेच पाणी धरून ठेवतो, त्यामुळे रोल दुसऱ्या दिवशीही भरीत भरून डब्यात देण्याजोगे राहतात.

भाजल्यानंतरची घाई आणि हयगय

बाहेर काढताच माथ्यावर लोणी फिरवून कोरड्या सुती कापडाने दहा मिनिटे झाकावे. आतली वाफ वरच्या कवचाला मऊ करते. मग जाळीवर काढावे, नाहीतर ट्रेमध्ये बूड ओले होते. गरम असतानाच कापले तर आतला गर चिकटून गोळा होतो. पूर्ण गार झाल्याबरोबर मात्र डब्यात बंद करावे. उन्हाळ्यात उघड्यावर ठेवलेला रोल दुपारपर्यंत वाळतो, आणि पावसाळ्यात कोमट असताना पिशवीत घातलेल्या रोलवर दोन दिवसांत बुरशी येते.

फ्रिजमध्ये रोल ठेवू नयेत. स्टार्च पुन्हा घट्ट होण्याची क्रिया फ्रिजच्या थंडीत सर्वांत वेगाने होते, म्हणून तिथला रोल बाहेरच्यापेक्षा लवकर कडक होतो. दोन दिवसांत संपणार नसतील तर गार झाल्या दिवशीच फ्रीजरमध्ये टाकावेत. कडक झालेला रोल इडलीपात्रात एक-दोन मिनिटे वाफवला की स्टार्च पुन्हा सैल होऊन तो मऊ होतो, परंतु असा गरम केलेला रोल लगेच खाऊन टाकावा, कारण दुसऱ्यांदा गार झाल्यावर तो आधीपेक्षाही कडक होतो.