पिकअपच्या केबिनचा घणघणाट: आधी सीटमागचा पत्रा

बोलेरो पिकअपसारख्या गाडीत सीटमागचा मोठा सपाट पत्रा फार घुमतो. सुरुवात तिथूनच करा. त्यावर चिकटवायला फॉइल लावलेली 2 मिमी ब्युटाइल (चिकट रबराची) शीट घ्या. छतावरच्या गळतीसाठी मिळणारी डांबरी शीट स्वस्त असली तरी नकोच, उन्हात मऊ होऊन सुटते आणि केबिनभर वास मारते. पत्रा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. तेलकट राहिला तर शीट धरत नाही. सगळा पत्रा मढवायची गरज नाही, मधला पाव ते तृतीयांश भाग झाकला तरी थरथर बरीच थांबते. फॉइलवरची नक्षी सपाट होईपर्यंत रोलर दाबून फिरवा. दारांनाही शीट लावलीत तर तळाची पाणी निघायची भोकं मात्र कधीही बुजवू नका, दार आतून गंजतं. इंजिनाचा आवाज या शीटने फारसा अडत नाही; त्यासाठी फ्लोअरवर बंद छिद्रांचा फोम आणि वर जड रबरी मॅट लागते.