सॅनिटायझरमधल्या ॲसिडवरून पेटंटची नोटीस आली? या चुका टाळा

गोकुळ शिरगाव एमआयडीसीत आमचं छोटं युनिट आहे, डेअरीच्या पाइपलाइन आणि टाक्यांसाठी ॲसिड सॅनिटायझर बनवतो. आमच्या मालात परॲसेटिक ॲसिड (जंतू मारणारं ॲसिड) आहे म्हणून पेटंटची नोटीस आली, त्याच रात्री मी रागाच्या भरात मेल करून टाकला की आम्ही परॲसेटिक ॲसिड घालतच नाही, फक्त ॲसेटिक ॲसिड आणि हायड्रोजन पेरॉक्साइड घालतो. सगळ्यात मोठी चूक हीच! ही दोन्ही एकत्र आली की परॲसेटिक आपोआप तयार होतं आणि तिन्ही त्याच ड्रममध्ये नांदतात. चार दिवसांनी झाकण उघडलं की नाकात झोंबतो तो वास रोज घेत होतो तरी डोक्यात आलं नाही. ऑक्टॅनोइक ॲसिड (हे एक फॅटी ॲसिड) असेल तर त्याचंही परॲसेटिकसारखं थोडं परॲसिड बनतं. म्हणजे बॅच कार्डावर (कुठल्या बॅचमध्ये काय घातलं त्याची नोंद) नाव नसलं तरी माल तोच, आणि क्लेम, म्हणजे पेटंटमध्ये नक्की कशावर हक्क सांगितलाय ती वाक्यं, मालाशी ताडून बघतात. आधी जुन्या कॅनमधलं सॅम्पल लॅबला द्या, वकिलाला दाखवा, मग उत्तर लिहा.

पेटंटचं नुसतं टायटल वाचून घाबरू नका आणि निवांतही होऊ नका, क्लेम वाचा. क्लेममध्ये 6 ते 12 कार्बनचं फॅटी ॲसिड म्हटलं असेल तर ऑक्टॅनोइक काढून डेकॅनोइक टाकून काही सुटका नाही, दोन्ही त्यातच बसतात. 'कम्प्रायझिंग' (हे घटक आहेत, बाकी आणखी काही असलं तरी चालेल) शब्द असेल तर वर सायट्रिक ॲसिड घालूनही तुम्ही आतच, 'कन्सिस्टिंग ऑफ' (फक्त हेच घटक) असेल तर गणित बदलतं.

नोटिशीत फक्त अमेरिकेचा नंबर असेल तर तो भारतात चालत नाही, पण तिकडं माल पाठवत असाल तर चालतो. भारतातलं पेटंट असेल तर रजिस्टरवर जिवंत आहे का, फी भरली आहे का बघा, मुदत अर्जापासून 20 वर्षं असते.

आणि जुनी कागदं टाकू नका राव. पेटंटच्या अर्जाआधीच तोच फॉर्म्युला इथं उघड वापरात होता हे दाखवता आलं तर पेटंट कायद्याच्या कलम 64 खाली पेटंट रद्द करायला मागता येतं, त्याला बॅच कार्ड, चलन, बिलं लागतात. आमची चलनांची फाइल दिवाळीच्या साफसफाईत रद्दीत गेली, आता ज्या डेअऱ्यांना माल दिला होता त्यांच्याकडं जाऊन कॉपी मागतोय, दोन मिळाल्यात.