ह्यूम वाचताना या चुका टाळा

दादरला दर शनिवारी आमचं वाचनमंडळ भरतं. दर पावसाळ्यात नवी मुलं येतात, अठराव्या शतकातला स्कॉटिश तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूम याचा संशयवाद वाचायला घेतात आणि त्याच चुका करतात. चुकण्याबद्दल माझी तक्रार नाही. पण दहा मिनिटांचा व्हिडिओ पाहून ‘ह्यूमने कार्यकारणभाव नाकारला’ असं कुणी ठोकून दिलं की मला राग येतो.

त्याने तो नाकारला नाही. गॅसवर पाणी ठेवलं, उकळलं. ज्योत दिसली, मग उकळी दिसली. एकीमुळे दुसरी ‘व्हायलाच हवी’ ही सक्ती कुठे दिसली? ह्यूम म्हणतो, ती पातेल्यात दिसत नाही. दोन्ही गोष्टी सतत जोडीने पाहून मनाला जी सवय लागते, तिच्यातून ती येते. ‘मला दिसत नाही’ आणि ‘नाहीच’ यांत फरक आहे, आणि तो शेवटपर्यंत सांभाळावा लागतो.

‘कावळा बसायला आणि फांदी मोडायला’ हा दाखलाही इथे देऊ नका. तो योगायोगाचा आहे. ह्यूमची अडचण त्या गोष्टींबद्दल आहे, ज्यांची जोडी आजवर एकदाही चुकलेली नाही.

आता सगळ्यात चिवट चूक. दोन वर्षांपूर्वी एक हुशार मुलगा उभा राहिला. म्हणाला, “सर, २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. आधीच्या सगळ्या पावसाळ्यांवरून काढलेला अंदाज वाहून गेला. विगमन संपलं!” (विगमन म्हणजे आजवर पाहिलेल्यावरून न पाहिलेल्याबद्दल अनुमान काढणं.) लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या दिवशी कमरेएवढ्या पाण्यातून घरी गेलेले दोघंतिघं खोलीत होते, त्यामुळे उदाहरण सगळ्यांच्या अंगावर आलं. ते निस्तरायला मला दोन शनिवार लागले.

कारण तो पाऊस ह्यूमचा प्रश्न दाखवतच नाही. आपलं सामान्यीकरण तोकडं होतं, एवढंच तो दाखवतो. त्याच दिवशी कुलाब्याला ७५ मिलिमीटरही पाऊस नव्हता. म्हणजे एका वेधशाळेवरून अख्ख्या मुंबईबद्दल बोलणं किती धोक्याचं, हे कळलं. पुढे शहरात जागोजागी स्वयंचलित पर्जन्यमापक बसले. म्हणजे विगमनाची चूक आपण आणखी विगमन करूनच दुरुस्त केली. ह्यूम याच्याही मागे जातो. या पर्जन्यमापकाने काल नीट मोजलं, म्हणून उद्याही नीट मोजेल, हे कशावरून? एकही अंदाज कधीच चुकला नसता, तरी हा प्रश्न असाच उभा राहिला असता. त्या मुलाला मी हे एकच वाक्य पुन्हा पुन्हा सांगत होतो. दुसऱ्या शनिवारी तो बराच वेळ गप्प बसला आणि म्हणाला, “म्हणजे अपयशाची गरजच नाही?” नाही. अजिबात नाही.

यावर घाईचं उत्तर तयार असतं: ‘आजवर विगमन उपयोगी पडलं, पुढेही पडेल.’ हे वाक्य स्वतःच विगमन आहे. ‘निदान शक्यता तरी जास्त’ म्हटलं तरी सुटका नाही, कारण कालची प्रमाणं उद्या टिकतील हे त्यात गृहीतच धरलेलं असतं.

थोडं वाचलेले लोक न्यायदर्शनातल्या उदयनाचार्यांकडे धावतात. संशयाची मर्यादा व्यवहारात आहे, असं ते न्यायकुसुमांजली या ग्रंथात म्हणतात. न्यायपरंपरेतला दाखला घ्या: धुरासाठी जो न चुकता आगच पेटवतो, त्याने धूर-आगीच्या संबंधावर शंका घेणं त्याच्याच वागण्याशी विसंगत आहे. मुद्दा जबरदस्त आहे, मला फार आवडतो. पण हा आक्षेप ह्यूमने १७४८ च्या ‘एन्क्वायरी’ या आपल्या पुस्तकात स्वतःच घेतला आहे. वागणारा माणूस म्हणून माझं समाधान आहे, तत्त्वज्ञ म्हणून मला आधार जाणून घ्यायचा आहे, असा त्याचा सूर आहे. तेव्हा ‘मग लोकलने कशाला येता?’ हा प्रश्न विचारून कुणी जिंकत नाही.

किरकोळ चुका भराभर सांगतो. हिंदी पुस्तकांतलं ‘आगमन’ म्हणजे आपलं विगमन, निगमन (नियमावरून निष्कर्ष काढणं) वेगळं. चार्वाकांना ‘ऋण काढून तूप प्या’वर उडवून लावू नका, व्याप्ती (‘जिथे धूर तिथे आग’ असा अटळ संबंध) सर्व काळी, सर्व ठिकाणी कोण तपासणार, हा त्यांचा आक्षेप माधवाचार्यांच्या सर्वदर्शनसंग्रहात त्याच पहिल्या प्रकरणात आहे. अमेरिकन तत्त्वज्ञ गेटियरचा १९६३ चा तीन पानी लेख इथे आणू नका. तो ज्ञानाची व्याख्या तपासतो, विगमनाचा आधार नव्हे.

माझी स्वतःची सवय सांगतो. ‘एन्क्वायरी’चं चौथं प्रकरण मी पेन्सिल घेऊन मोठ्याने वाचतो. प्रत्येक परिच्छेदाशेजारी एकच खूण करतो: ‘घ’ किंवा ‘आ’. ह्यूम इथे काय घडतं हे विचारतोय, की ते मानायला आधार काय, हे? एका बैठकीत ते प्रकरण संपवू नका. खुणा पुऱ्या झाल्याशिवाय सवयीबद्दलचं पाचवं प्रकरण मी कुणाला उघडू देत नाही. मुलं कुरकुरतात, पण मी ऐकत नाही.