भरती-ओहोटीचा पाठ समुद्रकाठी कसा शिकवावा?

कृतियुक्त अध्यापनाच्या नावाखाली शाळांत पुष्कळदा थर्माकोलच्या प्रतिकृती जमतात, आणि त्यांतील बऱ्याच पालकांनी रात्री जागून केलेल्या असतात. मुलाने आधी अंदाज बांधावा, मग प्रत्यक्ष मोजावे आणि दोहोंत पडलेल्या फरकाचे कारण शोधावे, एवढे घडले तरच ती कृती काही शिकवते. सातवीच्या भूगोलातील भरती-ओहोटीचा पाठ मुंबईच्या शिक्षकांना यासाठी फार सोयीचा आहे.

सुरुवात वर्गातच करावी. आपल्या किनाऱ्यावर पूर्वापार चालत आलेला आडाखा मुलांना सांगावा: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ तासांत मिळते. द्वितीयेला दीड, चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. पक्ष शुक्ल असो वा कृष्ण, हिशेब तोच, आणि साधारण बारा तास पंचवीस मिनिटांनी पुन्हा भरती येते. भिंतीवरच्या दिनदर्शिकेतील तिथी पाहून मुलांनी पुढच्या पंधरवड्याचा तक्ता स्वतः तयार करावा. आडाखा खरा की खोटा, हे शिक्षकांनी सांगू नये. चंद्राचा विषयही या टप्प्यावर काढू नये. एखाद्या मुलाने स्वतःहून काढला, तर तो फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवावा. वरळी, माहीम किंवा वर्सोव्याच्या कोळीवाड्यातील मुले वर्गात असतील, तर त्यांना घरच्या वडीलधाऱ्यांकडून हाच हिशेब पडताळून आणायला सांगावे.

निरीक्षणाचा दिवस त्याच तक्त्यातून निवडावा. मुंबईत अष्टमीच्या सुमारास दुपारी ओहोटी असते, त्यामुळे दिवसाउजेडी पूर्ण भरती गाठायची असेल, तर प्रतिपदा ते चतुर्थी या तिथी बऱ्या. पावसाळ्याचे चार महिने ही कृती करूच नये. जागा कठडा आणि पायऱ्या असलेली निवडावी, शेवाळलेले खडक टाळावेत, प्रत्येक गटासोबत एक मोठी व्यक्ती असावी आणि कोणीही पाण्यात उतरू नये. सर्व मोजणी कठड्यामागून करता येते.

पुढचा टप्पा मोजणीचा आहे आणि त्याला घाई चालत नाही. चार-चार मुलांचे गट करून एकाने घड्याळ, दोघांनी पाणी आणि एकाने वही सांभाळावी. तक्त्यातील वेळेच्या दीड तास आधी सुरुवात करून तितकाच वेळ नंतरही थांबावे आणि दर पंधरा मिनिटांनी पाणी कोणत्या पायरीपर्यंत आले आहे, ते लिहावे. एकाच लाटेवरून नोंद केली तर ती फसवी ठरते, म्हणून लागोपाठच्या दहा लाटा पाहून मधली पातळी धरावी. भरतीच्या शिखराजवळ पाणी बराच वेळ जवळजवळ स्थिर राहते, आणि नेमकी भरती केव्हा झाली यावर गटांत हमखास वाद होतो. तो होऊ द्यावा. मग विचारावे, की चढते पाणी तिसऱ्या पायरीला केव्हा टेकले आणि उतरताना तीच पायरी केव्हा उघडी पडली? या दोन वेळांचा मध्य काढला, की शिखर न पाहताही त्याची वेळ बरीच अचूक मिळते. पायऱ्या नसतील, तर हाजी अलीच्या दर्ग्याकडे जाणारी वाट पाण्याखाली जाण्याची आणि पुन्हा मोकळी होण्याची वेळ नोंदवूनही हा मध्य काढता येतो. मात्र त्यासाठी अधिक काळ थांबावे लागते.

वर्गात परतल्यावर नोंदींचा आलेख काढून तो तक्त्याशी ताडून पाहावा. येथे आडाख्यातील एक गंमत हाती लागते. पौर्णिमेला पंधरा गुणिले पाऊण म्हणजे सव्वाअकरा, तर दुसऱ्याच दिवशी प्रतिपदेला पाऊण वाजता, म्हणजे एका दिवसात दीड तासाची उडी. समुद्र अशी उडी मारत नाही. भरती रोज सरासरी पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. ही विसंगती मुलांनाच सापडू द्यावी, भले त्यात एक तासिका जावो. रोज पन्नास मिनिटेच का, या प्रश्नावर चंद्र आपोआप वर्गात येतो, आणि मग दिवा व चेंडू घेऊन उधाणाची (सर्वांत मोठी) व भांगाची (सर्वांत लहान) भरती समजावून सांगावी. सर्वांत मोठे पाणी नेमके पौर्णिमेला न येता एक-दोन दिवसांनी येते, हेही सांगावे, कारण पाठात वाचलेले आणि प्रत्यक्ष पाहिलेले येथे जुळत नाही.

यानंतर 26 जुलै 2005 चा दिवस चर्चेला घ्यावा. सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला आणि त्यातच समुद्राला भरती होती. पर्जन्यवाहिन्यांची अनेक तोंडे भरतीच्या पातळीखाली असल्यामुळे अशा वेळी पाणी बाहेर जाऊ शकत नाही. पुढे हाजी अली आणि इर्ला येथे ते उपसणारी उदंचन केंद्रे का उभी राहिली, हे मुले आता स्वतःच्या आलेखावर बोट ठेवून सांगू शकतात.

मूल्यमापनासाठी व्याख्या विचारू नये. येत्या रविवारी भरती केव्हा येईल आणि त्या अंदाजात किती मिनिटांची चूक संभवते, हे प्रत्येकाने कारणासह लिहावे, आणि सोमवारी वेळा पडताळून गुण द्यावेत.