बेस्टचं तिकीट काढावं की पास? आधी टप्पा ओळखा, मग हिशेब करा

मुंबईत नवीन नोकरी लागली किंवा घर बदललं की बसच्या भाड्याबद्दल एकच सल्ला मिळतो : "महिन्याचा पास काढून टाक, रोजची कटकट नको." सल्ला देणाऱ्याने तुम्ही कुठून कुठे जाता हे विचारलेलं नसतं. महिन्यातले किती दिवस बसने जाता हे तर नाहीच नाही. मी वीसेक वर्षं बेस्टने फिरतोय, आणि या एका वाक्यापायी माणसांचे पैसे वाया जाताना सतत बघतोय. माझेही गेलेत. म्हणून तिकीट कसं ठरतं आणि पास कधी काढायचा, हे सगळं नीट लिहून काढतोय.

आधी जुने दर विसरा

९ जुलै २०१९ ला बेस्टने भाडं उतरवलं, किमान तिकीट साध्या बसला ५ आणि एसीला ६ रुपये झालं. हे दर इतकी वर्षं टिकले की लोकांच्या डोक्यात अजून तेच आहेत. ९ मे २०२५ पासून भाडं वाढलंय. कोणी ६ रुपयांचं एसी तिकीट सांगत असेल, तर त्याची पुढची सगळी माहितीही जुनीच समजा.

आताचे दर अंतराच्या टप्प्यांनुसार असे (रुपयांत) :

५ किलोमीटरपर्यंत : साधी १०, एसी १२
१० किलोमीटरपर्यंत : साधी १५, एसी २०
१५ किलोमीटरपर्यंत : साधी २०, एसी ३०
२० किलोमीटरपर्यंत : साधी ३०, एसी ३५
२५ किलोमीटरपर्यंत : साधी ३५, एसी ४०

मुलांना अर्धं तिकीट.

मुंबईच्या बसला झोन नाहीत. शहर वेगळं, उपनगर वेगळं असं काही नाही. बेस्टची बस मुलुंडच्या पुढे ठाण्यात गेली किंवा दहिसर ओलांडून मीरा-भाईंदरला गेली, तरी हद्दीसाठी वेगळे पैसे पडत नाहीत. पैसे फक्त किलोमीटरचे. मात्र ठाण्याची टीएमटी, नवी मुंबईची एनएमएमटी आणि मीरा-भाईंदरची एमबीएमटी यांच्या बसही मुंबईत येतात आणि बऱ्याचदा बेस्टच्याच स्टॉपवर थांबतात. त्यांचं तिकीट वेगळं, आणि बेस्टचा पास तिथे चालत नाही. घाईत चढण्याआधी बसवरचं नाव वाचा.

एसी की साधी

साधी बस येईल म्हणून वाट बघत उभं राहणारी माणसं मला रोज दिसतात. ५ किलोमीटरच्या आत फरक फक्त २ रुपयांचा आहे, मिळेल ती पकडा. १० ते १५ किलोमीटरच्या टप्प्यात मात्र फरक १० रुपयांचा होतो. थांबायचंच असेल तर तिथे थांबा, इतर ठिकाणी नको. नंबराआधी 'ए' असेल तर बस एसी.

तुमचा टप्पा कुठे तुटतो ते शोधा

हे काम एकदाच करायचं असतं आणि नेमकं हेच कोणी करत नाही. भाडं ठरतं ते बस ज्या रस्त्याने जाते त्या रस्त्याच्या लांबीवर. नकाशावरचं सरळ अंतर इथे कामाचं नाही. एकाच ठिकाणी जाणाऱ्या दोन बसपैकी एक हमरस्त्याने जाते, दुसरी वस्त्यांमधून वळसे घेत जाते, आणि त्यामुळे दुसरीचं तिकीट पुढच्या टप्प्यात जाऊ शकतं. एकदिशा रस्त्यांमुळे परतीची वाटही वेगळी असू शकते, म्हणून येतानाचा टप्पाही वेगळा तपासा.

तपासायचं कसं? गर्दी नसताना कंडक्टरला विचारा. "दादा, इथून अमुक ठिकाणी किती?" उत्तर मिळालं की लगेच दुसरा प्रश्न : "आणि एक स्टॉप आधी उतरलो तर?" त्यांना मार्गावरचे टप्पे तोंडपाठ असतात. नाहीतर बेस्टचं तिकीट मोबाइलवर काढायच्या चलो अ‍ॅपमध्ये चढायचा आणि उतरायचा स्टॉप टाकून भाडं बघा, मग उतरायचा स्टॉप एकाने मागे घेऊन पुन्हा बघा.

अ‍ॅपमध्ये स्टॉपची नावं नीट निवडा, कारण बेस्टची नावं आपल्या तोंडातली नसतात. सायनला उतरायचं असेल तर राणी लक्ष्मीबाई चौक, किंग्ज सर्कलला महेश्वरी उद्यान, दादरच्या प्लाझाला वीर कोतवाल उद्यान, अंधेरी पूर्वेला स्टेशनजवळ आगरकर चौक. पूर्व-पश्चिमही बघून घ्या. भलताच स्टॉप निवडला तर टप्पा बदलतो आणि तिकीट कमी पडतं.

माझ्या ऑफिससमोरचा स्टॉप १० किलोमीटरच्या जेमतेम पुढे आहे. मी कितीतरी महिने तिथेच उतरत होतो आणि एसीचे ३० रुपये देत होतो. एका सकाळी पुढे काम चालू होतं म्हणून बस खोळंबली, तेव्हा कंडक्टर म्हणाले, "साहेब, रोज इथूनच उतरून चालत गेलात तर वीसच लागतात." मी तिथेच उतरलो. रसवंतीच्या बाजूने, शाळेच्या भिंतीला धरून सरळ सहा मिनिटांची वाट. जाता-येता मिळून दिवसाला २० रुपये वाचतात, २२ दिवसांचे ४४०. धो धो पावसात मी अजूनही दारापर्यंतचं तिकीट काढतो, आणि ते योग्यच आहे. पण रोजच्या रोज जास्त पैसे द्यायचे ते माहीत असून द्यावेत.

एक चुकीचा सल्ला इथेच निकालात काढतो : "मोठं तिकीट काढू नका, मध्ये उतरून दोन छोटी काढा, स्वस्त पडतं." पडत नाही. एसीचं १० किलोमीटरचं तिकीट २०, पाच-पाचची दोन काढली तर २४. साध्या बसला १५ च्या जागी २०. साध्या बसच्या लांबच्या प्रवासात फार तर बरोबरी होते, २० किलोमीटरला ३० आणि १० अधिक १० ला १५ अधिक १५. बस बदलली की पुढच्या बसचं किमान भाडं नव्याने सुरू होतं, मागचं तिकीट पुढे चालत नाही. म्हणून पाच-सात मिनिटं थांबून थेट बस मिळत असेल तर थांबा.

पास : इथे घाई करू नका

मी फसलो तो इथे. भाडं वाढल्यावर सगळेच पासच्या मागे लागले. सगळीकडे चालणारा महिन्याचा पास ९०० वरून १८०० झाला होता, दिवसाचा ६० वरून ७५. मित्राने सांगितलं, भाडं दुप्पट झालंय तर पासशिवाय परवडणार नाही. मीही काढला. महिना संपल्यावर बायकोने भिंतीवरचं कॅलेंडर काढून समोर ठेवलं. त्यावर ती दुधाचे खाडे लिहिते, त्याच्याच खाली तिने पेन्सिलीने माझ्या बसचे खाडे मांडले होते : एक दिवस ताप, शनिवार-रविवार तर घरीच. मोजून २१ दिवस बसने गेलो होतो. रोजचे ६० धरले तरी १२६०. पासाला दिले १८००. म्हणजे ५४० रुपये मी न केलेल्या प्रवासाचे भरले होते.

तेव्हापासून माझा नियम पक्का आहे : आठवडाभर रोजचा बसखर्च कॅलेंडरवर लिहायचा, मगच पासाचं नाव काढायचं. अंदाज करू नका, लिहा. आपण सगळेच स्वतःचा प्रवास वाढवून सांगतो, खाडे विसरतो.

आता आकडे बघा. महिन्याच्या १८०० ला दिवसाच्या ७५ ने भागा : बरोबर २४. म्हणजे महिन्यात २४ दिवस रोज दिवसाचा पास काढला तरी तुमचा खर्च महिन्याच्या पासाएवढाच होतो. पाच दिवसांचा आठवडा असणाऱ्याचे कामाचे दिवस २१-२२ भरतात. २२ दिवस रोज दिवसाचा पास काढला तर १६५० होतात. अशा माणसाने १८०० चा पास काढणं म्हणजे १५० रुपये टाकून देणं. शनिवार-रविवारीही बसने बराच फिरत असाल तर गोष्ट वेगळी. सहा दिवसांचा आठवडा, २६ दिवस हजेरी आणि रोजचा खर्च ७० च्या वर, असं असेल तर महिन्याचा पास बिनधास्त काढा. २६ गुणिले ७० म्हणजे १८२०, तिथून पुढे फायदा सुरू होतो. घरोघरी फिरून काम करणाऱ्या, दिवसाला सात-आठ बस बदलणाऱ्या माणसांसाठी तर हा पास हवाच. त्यांना मी कधीच नको म्हणणार नाही.

दिवसाचा पास एसी आणि साधी दोन्हीला चालतो, त्यामुळे त्याचा हिशेब एसीच्या तिकिटांवर करा. १२ रुपयांच्या सात फेऱ्या झाल्या तर ८४, पास परवडला. सहा झाल्या तर ७२, नाही परवडला. २० रुपयांच्या चार फेऱ्या ८०, परवडला. ऑफिसला जाताना १२ ची एक आणि ३० ची एक अशा दोन बस लागत असतील तर जाऊन-येऊन ८४, रोज पास काढा. १२ आणि २० च्या दोन बस असतील तर ६४ होतात, सुटी तिकिटंच काढा. दुपारी बँकेचं एखादं काम निघालं तरी त्यात २४ मिळवून ८८ होतात, म्हणून असं काम असेल त्या दिवशी सकाळी पहिल्या बसच्या आधीच पास घ्या. दोन तिकिटं काढून झाल्यावर पास घेण्यात काही हशील नाही.

ठरावीक अंतराचे महिन्याचे पासही मिळतात. रोज एकाच मार्गावर, एकाच टप्प्यात ये-जा करणाऱ्याने १८०० च्या पासाआधी त्याची किंमत बघावी. आणि तेही टप्पा तपासल्यानंतरच. आधी पास आणि मग टप्पा असं केलं तर पुढच्या टप्प्याचे पैसे महिनाभर भरत बसाल. विद्यार्थी आणि ज्येष्ठांच्या सवलतीला ओळखपत्र लागतं. ते काम महिना सुरू होण्याआधी उरका.

सध्या मी सुटी तिकिटंच काढतो. जाताना २०, येताना २०. २२ दिवसांचे ८८०.

लोकल आणि रिक्षा धरून हिशेब करा

लोकलच्या सेकंड क्लासचं किमान तिकीट ५ रुपये आहे. स्टेशन ते स्टेशन जायचं असेल तर लांबच्या बसचा अट्टहास करू नका, बस फक्त स्टेशनपर्यंत वापरा. आणि तिघं मिळून दीड किलोमीटरच जाणार असाल तर एसी बसचे ३६ होतात, रिक्षाचं किमान भाडं २६ आहे, टॅक्सीचं ३१. बसवर माझा फार जीव आहे, तरी अशा वेळी मी रिक्षाच करतो.

तिकीट काढणं

रोख द्यायचे असतील तर सुट्टे ठेवा. मोबाइलवर हवं असेल तर चलो अ‍ॅप आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये आलेल्या मुंबई वन अ‍ॅपवर बेस्टबरोबर मेट्रो आणि लोकलचंही तिकीट निघतं. मोबाइलवरचं तिकीट बस येण्याआधी काढून ठेवा. गर्दीत लटकत असताना नेटवर्क हमखास जातं. मोबाइलची बॅटरी संध्याकाळपर्यंत टिकत नसेल तर पास मोबाइलमध्ये ठेवू नका, कार्डवर घ्या. तपासनीस आल्यावर बंद मोबाइल दाखवून चालत नाही.

काही बसमध्ये कंडक्टर नसतो, तो स्टॉपवर उभा असतो. तिथे चढण्याआधीच तिकीट घ्यायचं. "आत गेल्यावर काढू" म्हणून चढलात तर आत तिकीट द्यायला कोणी नसतं.

तिकीट हातात आलं की त्यावरचा उतरायचा स्टॉप वाचा. चुकला असेल तर लगेच सांगा, पुढचा स्टॉप येण्याआधी. मग ते घडी घालून वरच्या खिशात ठेवा आणि बसमधून उतरेपर्यंत टाकू नका, तपासनीस उतरतानाही विचारतात.