दम्याचा पंप: औषध घशात नको, छातीत जाऊ द्या

झाकण काढा, पंप नीट हलवा, ताठ बसा. पंप नवा असेल किंवा बरेच दिवस पडून असेल तर आधी पत्रकात सांगितलेत तेवढे फवारे हवेत मारा.

खरी गोम पुढे आहे. मी सहा वर्षं पंप चुकीचा घेत होतो. तपासणीला गेलो की "पंप घेताय ना?" एवढंच विचारलं जायचं आणि मी हो म्हणायचो. मी आधी दाबायचो, मग श्वास ओढायचो. मध्ये जेमतेम अर्ध्या सेकंदाचं अंतर, पण तेवढ्यात फवारा टाळूवर आपटून तिथंच बसायचा. जिभेवर कडवट चव, छातीत घरघर तशीच. डोस वाढला, फरक शून्य. एकदा आरशासमोर पंप घेतला आणि ओठांच्या कोपऱ्यातून पांढरा धूर निघताना दिसला. तो धूर म्हणजे माझं औषध होतं.

म्हणून क्रम पाळा. आधी श्वास पूर्ण सोडा, पंपात नव्हे, बाहेर. पंपाचं तोंड दातांमध्ये धरून ओठ घट्ट मिटा. हळू श्वास ओढायला लागा आणि ओढणं सुरू होताच दाबा. दाबल्यावर थांबू नका, चार-पाच सेकंद ओढतच राहा. "जोरात ओढा" हा सल्ला पंपासाठी साफ चुकीचा आहे. जोर लागतो रोटाहेलरला, म्हणजे पावडरच्या इनहेलरला, कारण त्यातली पावडर आपल्याच श्वासानं उडते. पंपाचा फवारा मुळातच वेगानं सुटतो, वर आपण हिसका दिला की तो घशावरच आदळतो. घरात दोन्ही प्रकार असतील तर हा घोळ हमखास होतो.

मग 10 सेकंद श्वास रोखा. दुसरा पफ अर्ध्या-एक मिनिटानं, पुन्हा हलवून.

हे जमत नसेल तर स्पेसर, म्हणजे पंपाच्या तोंडाला जोडायची प्लास्टिकची पोकळ नळी, लावा. माझं ऐकाल तर जमत असलं तरी लावा. तो फक्त लहान मुलांसाठी असतो हे खूळ डोक्यातून काढून टाका. धाप लागल्यावर हाताचा आणि श्वासाचा मेळ मोठ्यांचाही बसत नाही. एका वेळी एकच पफ सोडा. चार-पाच एकदम भरले की औषध स्पेसरच्या भिंतींनाच चिकटतं. धुताना साबणाच्या कोमट पाण्यातून काढा आणि तसाच वाळू द्या. फडक्यानं पुसला की प्लास्टिकवर स्थिर वीज तयार होते आणि औषध तिथंच खेचलं जातं.

स्टेरॉइडच्या पंपानंतर गुळण्या करून पाणी थुंका, नाहीतर तोंडात बुरशीचे पांढरे चट्टे येऊ शकतात.

डोस वाढवायची वेळ आली तर त्याआधी पंप सोबत न्या आणि डॉक्टरांसमोर एक पफ घेऊन दाखवा.