नवीन अँटीडिप्रेसंट सुरू करताय? पहिले सहा आठवडे कसे काढायचे

आधीच सांगते, मी डॉक्टर नाही, एक गोळी बदलून दुसरीवर आलेली पेशंट आहे, त्यामुळे डोस किती घ्यायचा हे आपापल्या सायकियाट्रिस्टलाच विचारायचं. मी सांगणार ते चिठ्ठीवर लिहिलेलं नसतं ते, म्हणजे मेडिकलमधून स्ट्रिप घरी आणल्यावर पुढचे सहा आठवडे नक्की कसे काढायचे.

माझी पहिली गोळी एस्सिटालोप्राम, १० मिलीग्राम. तिने रडणं थांबलं, ऑफिसला जाता यायला लागलं, पण हळूहळू सगळंच सपाट झालं. भाच्याच्या बारशाला बायका पाळण्याखालून 'कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या' करत होत्या आणि मी त्यांच्यात उभी राहून विचार करत होते की पार्किंगची पावती पर्समध्ये ठेवली की गाडीत राहिली. वाईट वाटत नव्हतं, काहीच वाटत नव्हतं. मला वाटलं हे डिप्रेशनच आहे अजून. डॉक्टरांना सांगितलं तेव्हा कळलं की गोळीनेही असं होतं काही जणांना, आणि त्यावर डोस कमी करणं किंवा गोळी बदलणं असे उपाय असतात. मी सात-आठ महिने बोललेच नव्हते त्यावर. तर पहिली गोष्ट ही, की जे होतंय ते सांगा, 'एवढं काय सांगायचं' म्हणून घरी घेऊन येऊ नका.

मग सर्ट्रालिन सुरू झाली. जुनी कमी करत आणायची आणि नवी वाढवत न्यायची, कुठल्या तारखेला कोणती किती हे डॉक्टरांनी लिहून दिलं होतं, ते मी फ्रिजवर चिकटवलं. हे तोंडी ऐकून घेऊ नका, त्या केबिनमध्ये डोकं धड चालत नसतं, कागदावरच मागा. आणि जुनी आपल्या मनाने आज बंद, उद्या नवी सुरू, असं करायचं नाही, काही गोळ्यांच्या मध्ये चक्क दोन-दोन आठवड्यांची गॅप लागते.

पहिल्या व्हिजिटला डॉक्टरांना आणखी काय सांगायचं तर तुम्ही घेता ती प्रत्येक गोळी. मायग्रेनची, रक्त पातळ करायची, दुखण्यासाठी दिलेली ट्रामाडॉल, आयुर्वेदिक, सगळं. आपल्या या गोळ्या शरीरातल्या सिरोटोनिन नावाच्या रसायनावर काम करतात, ट्रामाडॉल आणि मायग्रेनच्या काही गोळ्याही त्याच्यावरच, दोन्हीकडून वाढलं तर त्रास होतो. कोरड्या खोकल्याच्या बऱ्याच सिरपमध्ये डेक्स्ट्रोमेथॉर्फन असतं त्याचंही तेच. अंगदुखीला आपण बिनधास्त कॉम्बिफ्लाम घेतो, तिच्यात आयब्युप्रोफेन आहे, ते या गोळ्यांबरोबर घेतलं की पोटात ब्लीडिंगची शक्यता वाढते, मला साध्या पॅरासिटामॉलवर राहायला सांगितलंय. घरात कोणाला बायपोलर (कधी टोकाची उदासी, कधी टोकाचा उत्साह असा आजार) असेल, किंवा तुम्हालाच पूर्वी कधी चार-चार दिवस झोप न घेता भन्नाट उत्साह आला असेल तर ते नक्की सांगा, कारण अशा माणसाला नुसती अँटीडिप्रेसंट दिली तर गाडी उलट्या टोकाला जाऊ शकते. प्रेग्नन्सीचा विचार असेल तर तोही.

आता मुख्य मुद्दा. साइड इफेक्ट पहिल्या दिवसापासून येतात आणि फायदा दोन ते चार आठवड्यांनी दिसायला लागतो, पूर्ण अंदाज यायला सहा-आठ आठवडे जातात. म्हणजे पहिले पंधरा दिवस तुम्ही फक्त तोट्यात असता, बरेच लोक इथेच गोळी सोडतात आणि 'मला सूट झाली नाही' म्हणतात. मीही चौथ्या दिवशी सोडणार होते.

त्यासाठी एक वही करा. मोबाईलमध्ये नको, मोबाईल उघडला की माणूस दुसरीकडेच जातो. साधी दहा-वीस रुपयांची वही, रोज रात्री दोन ओळी: किती तास झोप, पोट कसं, मूड दहापैकी किती, आणि आज काय केलं. माझ्या वहीत चौथ्या दिवशी लिहिलंय, 'मळमळ, जबडा दुखतोय, मूड २, काही केलं नाही.' एकविसाव्या दिवशी, 'मळमळ नाही, मूड ४, मोगऱ्याची कुंडी बदलली.' आता ही कुंडी सहा महिने तशीच पडून होती आणि ती बदलताना मला काही ग्रेट वाटलं नव्हतं, बरं वाटतंय असंही वाटलं नव्हतं. डॉक्टरांनी वही चाळली आणि त्या ओळीवर बोट ठेवलं. आपल्याला कळायच्या आधी हात-पाय हलायला लागतात, हे असं कागदावरच दिसतं.

पोटाचं बघू. शरीरातलं बहुतेक सिरोटोनिन डोक्यात नसतं, आतड्यात असतं, म्हणून पहिला दणका पोटाला. सर्ट्रालिनने मळमळ आणि लूज मोशन दोन्ही होतात, एस्सिटालोप्रामने मला नुसती मळमळ होती. गोळी भरल्या पोटी घ्या, चहा-बिस्किट म्हणजे भरलं पोट नव्हे, पोहे, उपमा, पोळी काहीतरी पोटात जाऊ दे. मी पहिल्या आठवड्यात संकष्टी केली, चंद्रोदयापर्यंत उपाशी राहिले आणि मध्येच संध्याकाळी आठवण झाली म्हणून गोळी घेतली, मग मोदकाकडे बघवेना. एक महिना उपास राहू द्या, बाप्पा रागावत नाही. बाकी मऊ भात, मुगाची खिचडी, ताक, आल्याचा तुकडा मिठाबरोबर चघळायचा, आणि दिवसभर थोडं थोडं पाणी. तिखट मिसळीचा मोह आवरा. मला अकराव्या-बाराव्या दिवशी पोट जाग्यावर आलं, बहुतेकांचं एक-दोन आठवड्यांत येतं. सारख्या उलट्याच होत असतील तर मात्र वाट बघत बसू नका, फोन करा.

झोपेचं प्रत्येकाचं वेगळं. कोणाला दिवसभर पेंग येते, कोणाची रात्रीची झोप उडते. साधा हिशोब असा की झोप उडत असेल तर सकाळी घ्यायची, पेंग येत असेल तर रात्री, पण वेळ बदलायच्या आधी एकदा विचारून घ्या आणि मग रोज तीच वेळ ठेवा. स्वप्नं भयंकर रंगीत पडतात, मी एका रात्रीत दहावीचा भूमितीचा पेपर तीनदा दिलाय. गोळी कशी वागते हे कळेपर्यंत टू-व्हीलर जरा जपून.

अस्वस्थपणा हा सगळ्यात फसवा प्रकार. अँग्झायटीसाठी गोळी सुरू करावी आणि पहिल्या आठवड्यात अँग्झायटीच वाढावी, असं होतं. छातीत धडधड, हाताला बारीक कंप, उगाच घाम, जांभयांवर जांभया (झोप आलेली नसताना), आणि रात्री दात आवळले जाऊन सकाळी जबडा दुखणं. म्हणून बरेच डॉक्टर सुरुवात अर्ध्या डोसने करतात, आणि कधी कधी थोड्या दिवसांसाठी क्लोनाझेपाम ही शांत करणारी, झोप आणणारी गोळी जोडीला देतात. क्लोनाझेपामची सवय लागू शकते, ती जितके दिवस लिहिलीय तितकेच दिवस. लोक 'झोपेच्या गोळ्या, सवय लागेल' म्हणतात ते खरं तर हिच्याबद्दल आहे पण दोन्ही एकाच पिशवीत येतात म्हणून नाव अँटीडिप्रेसंटचं खराब होतं. दुपारनंतर चहा-कॉफी बंद करा, मला त्याने निम्मा फरक पडला. दारूला सुट्टी.

आता जे कोणी विचारत नाही ते. सेक्सची इच्छा कमी होणं, किंवा इच्छा असते पण शेवटपर्यंत पोचायला फार वेळ लागतो, पोचताच येत नाही, पुरुषांना आणि बायकांना दोघांनाही. हे मळमळीसारखं आपोआप जाईलच असं नाही, बऱ्याचदा गोळी चालू आहे तोवर राहतं. नवऱ्याला किंवा बायकोला सांगा की हे गोळीमुळे आहे, नाहीतर समोरचा भलतेच अर्थ काढतो. डॉक्टरांना सांगायला लाज वाटत असेल तर चिठ्ठीवर लिहून टेबलावर सरकवा, मी तेच केलं. डोस, वेळ, दुसरं औषध, मार्ग असतात.

काही गोष्टींना मात्र वही-बिही नाही, त्याच दिवशी डॉक्टर किंवा कॅज्युअल्टी. मरणाचे विचार नव्याने आले किंवा वाढले, एका जागी बसवतच नाही इतकी तगमग झाली, तर लगेच. हे तरुणांमध्ये जास्त बघावं लागतं, अमेरिकेत औषधांवर देखरेख ठेवणाऱ्या एफडीएने २००४ मध्ये लहान आणि किशोरवयीन मुलांसाठी आणि २००७ मध्ये २४ वर्षांपर्यंतच्यांसाठी गोळ्यांच्या माहितीपत्रकात तशी ठळक वॉर्निंग घालायला लावली, म्हणून घरातल्या कॉलेजच्या मुलाला गोळी सुरू झाली असेल तर पहिले काही आठवडे आणि प्रत्येक वेळी डोस बदलल्यावर त्याच्यावर लक्ष ठेवा. ताप, अंग ताठ होणं, थरथर, गोंधळल्यासारखं बोलणं हे एकत्र आलं तर ते सिरोटोनिन फार वाढल्याचं असू शकतं. अंगावर पुरळ, ओठ सुजणं, काळी शी. झोप नको, पैसे उधळावेसे वाटतात, बोलणं थांबत नाही, हेही. घरातल्या वयस्कर माणसांमध्ये या गोळ्यांनी रक्तातलं सोडियम उतरू शकतं, आजी अचानक असंबद्ध बोलायला लागली किंवा तोल जायला लागला तर वय झालं म्हणून सोडून देऊ नका. रात्री-अपरात्री कोणाशी बोलावंसं वाटलं तर सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे, १४४१६, फुकट, चोवीस तास, मराठीतही बोलतात. पण जीवाला धोका वाटत असेल तर फोनवर थांबू नका, कोणाला तरी बरोबर घ्या आणि हॉस्पिटल गाठा.

घरच्यांना किती सांगायचं हा ज्याचा त्याचा प्रश्न. एका तरी माणसाला सांगा एवढंच म्हणेन. माझ्या आईने ऐकल्या ऐकल्या 'अगं योगा कर, गोळ्या कशाला' म्हटलं, मी म्हटलं, आई, तू थायरॉईडची गोळी घेतेस आणि चालायलाही जातेस ना, तसंच. पटलं की नाही माहीत नाही पण दुसऱ्या दिवशीपासून सकाळी आठला 'जेवणानंतरची झाली का गं' असा फोन सुरू झाला. सकाळी आठला कोण जेवतं, पण असो.

एखादी गोळी चुकली तर त्याच दिवशी आठवल्यावर घ्या, दुसऱ्या दिवशी आठवली तर चुकलेली सोडून द्या, दोन एकदम घेऊ नका. बरं वाटलं की बंद, हे तर अजिबात नाही, पहिल्यांदाच डिप्रेशन आलं असेल तरी बरं वाटायला लागल्यानंतर साधारण सहा ते नऊ महिने चालू ठेवायला सांगतात, आणि बंद करताना पायरी पायरीने.

एकदम बंद केलं की काय होतं ते मला गणपतीत कळलं. कोकणात गावी गेले आणि स्ट्रिप पुण्यात डायनिंग टेबलवर राहिली. दुसऱ्या दिवशी रात्रीपासून मान वळवली की डोक्यात करंट लागल्यासारखं, क्षणभरच, पण आरतीला उभं राहवेना, चक्कर, चिडचिड, सगळ्यांना वाटलं मला उपास बाधला. गावातल्या मेडिकलला ती गोळी नव्हती, आणि चिठ्ठीशिवाय कोणी दिलीही नसती. सुदैवाने चिठ्ठीचा फोटो मोबाईलमध्ये होता, चुलतभाऊ चिपळूणला जाणार होता त्याला पाठवला, त्याने संध्याकाळी आणून दिली. तेव्हापासून एक स्ट्रिप पर्समध्ये, एक बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात, आणि शेवटच्या सात गोळ्या उरल्या की नवीन आणायची. सातव्या गोळीच्या मागे मी मार्करने टिंब काढते.